पैसे कापले, पोचले नाहीत: सेकंदाला हजारो व्यवहार पेलणारा सर्व्हर निवडताना काय बघायचं

भाजीवाल्या मावशींकडून ४० रुपयांची मेथी घेतली, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवरचं ते चक्र फिरतच राहिलं. बँकेचा मेसेज आला की पैसे गेले, मावशींचा स्पीकर मात्र गप्प. मागे गिऱ्हाईकं ताटकळलीत, मावशी म्हणतात आले नाहीत, तुम्ही म्हणता गेले, आणि दोघंही खरं बोलताय. पेमेंटच्या सिस्टिमची सगळी अडचण या अर्ध्या मिनिटात आहे आणि सर्व्हर निवडताना डोळ्यासमोर हेच अर्धं मिनिट ठेवायचं असतं.

मी बरीच वर्षं पेमेंटच्या बॅकएंडवर, म्हणजे ॲपच्या मागे चालणाऱ्या सर्व्हर-डेटाबेसच्या बाजूला, काम करतोय त्यामुळे ओळखीतली मुलं विचारतात की दादा, पेमेंटचं काहीतरी काढतोय, प्रोग्राम लिहायला जावा घेऊ की गो की नोड, डेटाबेस पोस्टग्रेस की मोंगो, क्लाउड की स्वतःची मशीन्स. मी आधी उलट विचारतो, व्यवहार अर्ध्यात असताना मशीन बंद पडलं तर सकाळी तुझ्याकडे काय लिहिलेलं सापडेल? याचं उत्तर असेल तर बाकीचे प्रश्न सोपे आहेत, आणि नसेल तर कुठलीही भाषा घेतली तरी रडायची वेळ येणारच.

आधी आकडा किती मोठा आहे ते बघू. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि बरोबर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, २,००० कोटींचा. म्हणजे दिवसाला साधारण साडेचौसष्ट कोटी, आणि सेकंदाला सरासरी ७,५०० च्या आसपास. पण सरासरीवर कधीच जायचं नाही, कारण पहाटे ३ वाजता कोण भाजी घेतंय, खरी गर्दी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ, त्यातही पगाराचा आठवडा, सणाची संध्याकाळ. सरासरी ७,५०० असेल तर मी निदान दुपटीचा हिशेब धरतो आणि त्याच्यावर आणखी मोकळी जागा ठेवतो.

आता त्या ४० रुपयांचा प्रवास बघा. तुमचं ॲप, ॲपच्या मागची बँक, मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचा स्विच, म्हणजे सगळ्या बँकांना जोडणारी मधली यंत्रणा, मग तुमचं खातं असलेली बँक, तिथे पिन तपासून पैसे वजा, परत स्विच, मग मावशींची बँक, तिथे जमा, आणि उलट्या वाटेने सगळ्यांना निरोप. चार-पाच वेगवेगळ्या संस्था, प्रत्येकाचे सर्व्हर वेगळे, डेटाबेस वेगळा, काहींची कोअर बँकिंग, म्हणजे खाती सांभाळणारी मुख्य सिस्टिम, वीस वर्षांपूर्वीची. समजा यातल्या चौघांची सिस्टिम प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालू असते, ऐकायला भारी वाटतं, पण चौघंही एकाच वेळी चालू असण्याचा हिशेब केला तर ९९.६ येतो, म्हणजे वर्षातले जवळजवळ ३५ तास साखळीतलं कोणीतरी बंद आहे. त्यामुळे "आमचा सर्व्हर बंद पडतच नाही" असं कोणी विकायला आला तर मला त्यात फारसा रस नसतो. दुसऱ्याचा पडल्यावर तुमचा काय करतो, ते मला बघायचं असतं.

माझे आजोबा किराणा दुकान चालवायचे आणि त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या. एक कीर्द, म्हणजे रोजच्या रोज जे घडलं ते त्याच क्रमाने लिहायचं, आणि दुसरी खतावणी, म्हणजे गिऱ्हाईकाप्रमाणे पानं, कोणाकडे किती बाकी. नियम असा की आधी कीर्दीत लिहायचं, मग सवडीने खतावणीत चढवायचं. खतावणी हरवली, भिजली, तरी कीर्दीवरून परत मांडता येते, उलटं करता येत नाही. आणि कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर खाली उलट नोंद टाकायची.

मोठ्या बँकेतला डेटाबेस हेच करतो. पोस्टग्रेस असो, ओरॅकल असो, मायएसक्यूएल असो, प्रत्येकाकडे एक कीर्द असते, तिला राइट-अहेड लॉग म्हणतात. व्यवहार झाला म्हणायच्या आधी नोंद या लॉगमध्ये जाते, ती खरोखर डिस्कवर उतरली का याची खात्री होते, मगच वरच्या प्रोग्रामला "झालं" असं उत्तर मिळतं. मध्येच वीज गेली तर मशीन परत सुरू झाल्यावर कीर्द वाचतं आणि खतावणी पुन्हा मांडतं. हे "डिस्कवर उतरणं" हेच खरं खर्चाचं काम आहे, बाकी बेरीज-वजाबाकी तर मोबाईलसुद्धा सेकंदाला करोडो करतो. म्हणून पेमेंटसाठी मशीन घेताना मी प्रोसेसरच्या आधी डिस्क बघतो, तिच्यात वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्याची सोय आहे का ते बघतो, स्वस्तातल्या डिस्कमध्ये ती नसते. आणि एक सेटिंग असतं, पोस्टग्रेसमध्ये त्याला सिंक्रोनस कमिट म्हणतात, ते बंद केलं की वेग एकदम वाढतो आणि डेमोमध्ये सगळे खूश होतात, पण त्याचा अर्थ असा की कीर्द पुरी लिहायच्या आधीच तुम्ही गिऱ्हाईकाला पावती देताय. फोटो लाइक करायच्या ॲपमध्ये खुशाल करा. पैशाच्या खात्यात मी ते कोणाला करू देत नाही.

मग सेकंदाला हजारो नोंदी कशा होतात? डेटाबेस हुशारी करतो, एका क्षणी आलेल्या पन्नास जणांच्या नोंदी एकत्र करून एकदाच डिस्कवर उतरवतो आणि पन्नास जणांना एकदम "झालं" म्हणतो. चांगल्या मशीनवरचा साधा पोस्टग्रेससुद्धा सेकंदाला हजारो व्यवहार करतो, ही गोष्ट नवीन मुलांना पटत नाही आणि ते पहिल्या दिवसापासून वीस मशीनचा वितरित डेटाबेस मांडून बसतात.

आता त्या चक्राकडे येऊ. कॉम्प्युटरच्या दुनियेत आपण समजतो की उत्तर दोनच, झालं किंवा नाही झालं. पैशात तिसरं उत्तर असतं, माहीत नाही. तुमच्या सर्व्हरने बँकेला सांगितलं की ४० रुपये वजा कर आणि उत्तर आलंच नाही. निरोप जाताना हरवला का, बँकेने काम केलं आणि येताना हरवला, हे इकडे बसून कळायला कुठलाही मार्ग नाही, जगातला कितीही महाग सर्व्हर घ्या. ही गणिताने सिद्ध झालेली मर्यादा आहे. मग प्रोग्रामर स्वाभाविकपणे काय करतो, परत पाठवतो. आणि बँकेने पहिल्या वेळी काम केलेलं असेल तर दोनदा पैसे कापले.

मी हे स्वतः पाहिलंय. सुरुवातीच्या काळात पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो, तिथे आमच्याच कोडमध्ये ही चूक होती, नेटवर्क अडखळलं की आपोआप दुसरी विनंती जायची. एक मेस चालवणाऱ्या काकूंचे किराण्याचे पैसे दोनदा गेले, त्यांचा फोन मीच घेतला. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की बाळा, उद्या सिलेंडर कशाने आणू. त्यांचे पैसे परत गेले पण दोन दिवसांनी. तेव्हापासून कुठल्याही डिझाइनमध्ये मी आधी हा मुद्दा शोधतो.

उपाय जुनाच आहे, चेकला नंबर असतो तसा. प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्याने जन्मतःच एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर घेणाऱ्याने काम परत न करता मागचंच उत्तर द्यायचं. यूपीआयच्या पावतीवर जो १२ आकडी नंबर दिसतो, तक्रार करायला गेलात की तोच विचारतात. पण हा क्रमांक "आधी आलाय का" हे तपासणं आणि पैसे वजा करणं या दोन गोष्टी एकाच झटक्यात व्हायला हव्यात, एक झाली आणि दुसरी राहिली असं होता कामा नये, नाहीतर दोन मशीन एकाच क्षणी तपासतात, दोघांनाही "नाही आला" दिसतं आणि दोघंही कापतात. इथे मला पक्के ट्रान्झॅक्शन देणारा डेटाबेस लागतो, "थोड्या वेळाने सगळीकडे सारखं होईल" म्हणणारा चालत नाही. तसले डेटाबेस वाईट नाहीत हं, व्यवहारांचा इतिहास दाखवायला, नोटिफिकेशनला, रिपोर्टला ते उत्तम. फक्त शिल्लक रक्कम कुठे राहते तिथे नकोत.

भाषेचा प्रश्न येतो तो इथे, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान आहे. समजा पतसंस्थेत एक कारकून आहे, तो गिऱ्हाईकाचं काम घेतो, हेड ऑफिसला फोन लावतो आणि रिसीव्हर कानाला लावून बसून राहतो. दुसरं गिऱ्हाईक आलं की दुसरा कारकून हवा. जुन्या पद्धतीचे सर्व्हर असेच, प्रत्येक विनंतीला एक थ्रेड, म्हणजे असा एक कारकून, आणि प्रत्येक थ्रेड मेमरी खातो, जावात साधारण १ एमबी त्याच्या नावाने राखीव. दुसऱ्या पद्धतीचा कारकून फोनवर निरोप ठेवतो, चिठ्ठी खिळ्याला अडकवतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो, उत्तर आलं की ती चिठ्ठी काढतो. एनजिनएक्स, नोड, एर्लंग, गो, हे सगळे थोड्याफार फरकाने या दुसऱ्या जातीचे, आणि २०२३ च्या जावा २१ पासून जावातही हलके थ्रेड आलेत त्यामुळे तो जुना वाद बराचसा मिटलाय.

पण हे महत्त्वाचं का ते आकड्याने बघा. सेकंदाला ७,५०० व्यवहार येतायत आणि प्रत्येकाला २ सेकंद लागतात, तर कुठल्याही क्षणी १५,००० व्यवहार हवेत लटकलेले आहेत. आता एक मोठी बँक हळू झाली आणि सगळेच १५ सेकंद थांबायला लागले तर लटकलेले होतात १,१२,५००. ३० सेकंद थांबायची मुभा असेल तर सव्वादोन लाख. गिऱ्हाईक एकानेही वाढलेलं नाही, फक्त एक बँक मंद झाली, आणि तुमची मेमरी, कनेक्शन, सगळं भरून गेलं, मग ज्या बँका ठणठणीत आहेत त्यांचेही व्यवहार अडकायला लागतात. म्हणून एनपीसीआयने जून २०२५ पासून पेमेंटच्या उत्तरासाठीची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली तेव्हा ती बातमी "पेमेंट आता जलद" अशी छापली गेली, माझ्या दृष्टीने खरी गोष्ट ही होती की लटकलेल्यांची जास्तीत जास्त संख्या निम्मी झाली. आणि म्हणूनच प्रत्येक बँकेसाठी वेगळी खोली करायची, म्हणजे मेमरी आणि कनेक्शनचा वेगळा वाटा ठेवायचा, एकीची रांग दुसरीच्या दारात येऊ द्यायची नाही, आणि ठराविक प्रमाणाबाहेर नापास व्हायला लागले की त्या बँकेकडे थोडा वेळ पाठवणंच थांबवायचं.

रांगेवरून आठवलं, मॅनेजर लोकांना हे समजावताना माझा जीव जातो. सर्व्हर ५० टक्के कामात असेल तर एका कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळात उत्तर मिळतं. ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. हे रांगेचं साधं गणित आहे, रेशनच्या दुकानात अनुभवलेलं. त्यामुळे महिन्याच्या बिलावर बोट ठेवून कोणी म्हणालं की निम्मी मशीन्स रिकामी बसलीत, तर त्यांना सांगायचं की ती रिकामी नाहीत, ती संध्याकाळी ७ वाजतासाठी राखलेली आहेत.

गर्दी नेहमी गिऱ्हाईकांचीच असते असंही नाही. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती, दुपारी कितीतरी वेळ देशभर यूपीआय अडखळत होतं. नंतर एनपीसीआयने जे कारण सांगितलं ते प्रत्येक बॅकएंडवाल्याने पाठ करावं असं आहे, बँकांच्या सिस्टिम "त्या व्यवहाराचं काय झालं" ही चौकशी मोठ्या प्रमाणात पाठवत होत्या, काही तर जुन्या व्यवहारांचीही. म्हणजे स्विच हळू झाला म्हणून सगळे विचारायला आले आणि विचारणाऱ्यांनी तो आणखी हळू केला. त्यानंतर नियम कडक झाले, पहिली चौकशी ठराविक वेळ थांबूनच, दोन तासांत जास्तीत जास्त ३ वेळा. १ ऑगस्ट २०२५ पासून शिल्लक तपासणंही एका ॲपवर दिवसाला ५० वेळा आणि ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा सोडून. तुमच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये हेच लावा, परत विचारायचं तर आधी १ सेकंद, मग २, मग ४ असं लांबवत जा आणि त्यात थोडा पुढेमागे फरक ठेवा, नाहीतर हजारो मशीन एकाच ठोक्याला परत येतात. हे फुकट आहे, यासाठी नवीन सर्व्हर लागत नाही, आणि तरीही मी बघितलेल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी ते केलेलं नसतं.

दुसरी एक जागा जिथे जास्त मशीन आणून काही होत नाही ती म्हणजे एकाच खात्यावरची झुंबड. अंगारकीला एखाद्या मोठ्या देवस्थानाच्या खात्यात हजारो लोक एकाच वेळी ५१ रुपये पाठवतात. देणारी खाती हजार, घेणारं एक. त्या एका खात्याच्या पानावर एका वेळी एकालाच लिहिता येतं, बाकीचे कुलूप उघडायची वाट बघत उभे. वीस सर्व्हर लावलेत तरी वही एकच आहे. मग त्या खात्याची आत दहा-वीस पानं करायची आणि एकूण शिल्लक म्हणजे त्यांची बेरीज, किंवा जमा नोंदी कीर्दीत पक्क्या करून ठेवायच्या आणि खतावणीत दर काही सेकंदांनी एकत्र चढवायच्या. जमेच्या बाजूला हे चालतं. वजा करताना चालत नाही, कारण तिथे शिल्लक पुरेशी आहे का हे त्याच क्षणी कळायला हवं.

आपल्याकडे पिग्मी एजंट येतो ना, दिवसभर दुकानादुकानातून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो आणि संध्याकाळी पतपेढीत एकदाच भरतो, प्रत्येक पन्नास रुपयांसाठी कॅशियरच्या खिडकीशी जात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं यूपीआय लाइट साधारण याच वळणावर आहे. आधी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची, मग चहा-वडापावचे छोटे खर्च पिनशिवाय त्यातून, आणि बँकेच्या मुख्य खात्यात नोंद एकच, रक्कम बाजूला काढल्याची. पासबुकही स्वच्छ आणि कोअर बँकिंगवरचा भारही कमी. सर्व्हर मोठा करायच्या आधी कामच कमी कसं येईल हे बघितल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हे सगळं नवीन आहे असं समजू नका. १९७४ मध्ये अमेरिकेत टँडेम नावाची कंपनी निघाली ती फक्त या कामासाठी, प्रत्येक प्रोसेसची एक जोडी दुसऱ्या प्रोसेसरवर तयार उभी, एक पडला की दुसरा तिथूनच पुढे. मुंबईत १९९५ ला बीएसईची बोल्ट ही शेअर खरेदी-विक्रीची सिस्टिम आली ती टँडेमच्या मशीनवर, आणि त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या एनएसईने स्ट्रेटस कंपनीची मशीन्स घेतली होती, त्यात तर जोडीतले बोर्ड तेच काम बरोबरीने करतात आणि उत्तर जुळलं नाही तर बिघडलेला बाजूला होतो. टँडेमचा वारसा एचपीई कंपनीच्या नॉनस्टॉप नावाने अजून चालू आहे. तेव्हा भरवसा लोखंडातून विकत घ्यायचा होता. आज साधी मशीन्स घेऊन तोच भरवसा सॉफ्टवेअरमध्ये बांधतात, स्वस्त पडतं आणि वाढवता येतं, पण मग तो बांधायची जबाबदारी तुमच्यावर येते, हे मात्र विकणारा सांगत नाही.

दुसऱ्या शहरात कॉपी ठेवणं तर मुंबईकराला समजवावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगरात वीजच गेली. सर्व्हरचे सगळे रॅक नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीत ठेवून चालत नाही. पण अंतराची किंमत असते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत सहाशेच्या वर किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला कागदावरच ६ मिलिसेकंद, प्रत्यक्षात केबल वळसे घेते म्हणून जास्त. प्रत्येक व्यवहाराने हैदराबादच्या होकाराची वाट बघितली तर आणि गर्दीच्या खात्याचं कुलूप तेवढा वेळ बंद राहिलं तर त्या खात्यावर सेकंदाला शंभर-दीडशे नोंदींच्या पुढे जाताच येणार नाही. म्हणून बरेच जण जवळच्या दुसऱ्या इमारतीतल्या कॉपीची वाट बघतात आणि लांबच्या शहरात मागून पाठवतात, मोठं संकट आलं तर शेवटचे काही क्षण ताळमेळात, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवताना, हुडकायची तयारी ठेवून.

क्लाउड की स्वतःची मशीन्स यावर मला फार बोलायचं नाही, दोन्हीकडे होतं. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशाने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवावा लागतो, त्यामुळे परदेशातलं स्वस्त डेटा सेंटर विसरा. आणि पिन तपासणारी ती कुलूपबंद पेटी, एचएसएम, तिची सेकंदाची क्षमता आधी विचारून घ्या, लोक सर्व्हर दुप्पट करतात आणि अडकतात तिथे.

मला आज कोणी शून्यातून बांधायला सांगितलं तर शिल्लक पोस्टग्रेसमध्ये, सिंक्रोनस कमिट चालू ठेवून, एक कॉपी शेजारी आणि एक दुसऱ्या शहरात. पुढे विनंत्या घेणारे सर्व्हर जावा किंवा गो, टीमला जे रात्री २ वाजता झोपेतून उठून दुरुस्त करता येतं ते. खाती वाढली की खाते क्रमांकाप्रमाणे डेटाबेसचे तुकडे. मेसेज, रिपोर्ट, कॅशबॅक, हे सगळं मागच्या रांगेत, पैशाच्या वाटेत नको. आणि ताळमेळ पहिल्या दिवसापासून, शेवटी नाही, कारण एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापून पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला पाठवलेले असतील तर पाच दिवसांत, परत करायचे आणि नाहीतर रोजचे १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे, आणि त्या काकूंचा सिलेंडर त्याहूनही आधी लागतो.

निवड झाल्यावर सही करायच्या आधी एक दिवस काढा. खोटी दहा हजार खाती करा, प्रत्येकात हजार रुपये, म्हणजे एकूण एक कोटी. त्यांच्यात आपसात पूर्ण वेगाने पैसे फिरवायला लावा आणि मध्येच डेटाबेसच्या मशीनची वायर उपटा, बटणाने बंद करू नका, उपटाच. मग नेटवर्क तोडा, मग एका खोट्या बँकेला वीस सेकंद उशिरा उत्तर द्यायला लावा, मग परत वायर. संध्याकाळी सगळं सुरू करून खात्यांची बेरीज करा. एक कोटी आली पाहिजे, आणि ज्याला "झालं" अशी पावती गेली तो प्रत्येक व्यवहार कीर्दीत एकदाच सापडला पाहिजे. ९९,९९,९६० आली तर ते हरवलेले ४० रुपये सापडेपर्यंत काही विकत घेऊ नका.